सलगम आणि अनासक्ती

परसबागेत सलगम पेरायचे दिवस आलेत. वांग्याचं रोप उपटून दुसरीकडे लावता येतं. सलगमचं बी मात्र जागेवरच पेरावं लागतं, कारण मूळ दुखावलं की कंद नीट धरत नाही.

2019 मध्ये सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत भरलं आणि आपलं जुनं निसरपुर बुडालं. घर गेलेल्या माणसाला कुणी सहज म्हणतं, "सोडा हो, सगळी माया!" पण अनासक्ती ही ज्याने त्याने स्वतःपुरती साधायची गोष्ट आहे. दुसऱ्याचं मूळ तुटलंय तिथे आधी करुणा हवी. त्याच्याजवळ बसावं, जुन्या अंगणाच्या गोष्टी ऐकाव्यात. सलगम दोन महिन्यांत तयार होतो. माणसाला रुजायला किती लागतील, ते त्यालाच ठरवू द्यावं.