8 लाखांचा शब्द

केळापूर तालुका आज जगदंबेच्या देवळासाठी, टिपेश्वरच्या वाघांसाठी आणि कापसासाठी ओळखला जातो. याच पांढरकवड्याच्या मुलखात एप्रिल 1818 मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्याची शेवटची धडपड संपली. तो नागपूरकर भोसल्यांच्या भरवशावर इकडे आला होता, पण आप्पासाहेब आधीच कैदेत पडले होते. सिवनीला कर्नल अ‍ॅडम्सने त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. जूनच्या 3 तारखेला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला.

माल्कमने त्याला सालीना 8 लाखांचा तनखा कबूल केला, तोही कलकत्त्याला न विचारता. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला रक्कम भरमसाट वाटली, तरी आपल्या माणसाचा शब्द त्याने पाळला. बाजीराव तेव्हा 43 वर्षांचा होता. फार जगायचा नाही, असा होरा होता. तो बिठूरला 1851 पर्यंत जगला. कंपनीचे अडीच कोटींहून जास्त रुपये गेले.

हे गणित कृत्रिम बुद्धिमत्तेने चुटकीसरशी मांडलं असतं. मेटा कंपनीचा ‘सिसेरो’ 2022 मध्ये ‘डिप्लोमसी’ या पटावरच्या खेळात माणसांशी गोडीगुलाबीने बोलणी करून पहिल्या 10 टक्के खेळाडूंत पोचला. माल्कमला त्याने निम्म्यात भागवायला सांगितलं असतं, असं मला वाटतं. अर्थात पावसाळा तोंडावर आलाय, पेशवा अशीरगडात शिरला तर लढाई लांबेल, हा माल्कमचा हिशेबही यंत्राला शिकवता येईल. वरिष्ठांचा रोष अंगावर घेणं मात्र माल्कमलाच भाग होतं. सवलत देणारा जाब विचारायला सापडतो, म्हणूनच समोरचा तिच्यावर विसंबतो.

बाजीराव वारला तेव्हा माल्कम हयात नव्हता. तेव्हाचा गव्हर्नर जनरल डलहौसीने कागद पाहून तनखा हयातीपुरताच ठरवला आणि बाजीरावाचा दत्तकपुत्र नानासाहेब याची तो चालू ठेवण्याची मागणी फेटाळली. कंपनीच्या दफ्तराच्या दृष्टीने तो निर्णय चोख होता. पुढे 1857 साली कानपुरात काय घडलं, ते वाचकांना ठाऊक आहे. टिपणं आणि मसुदे यंत्राकडून करून घेण्याच्या या दिवसांत मला धास्ती वाटते ती असल्या चोखपणाची.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेशी शुल्काची ओढाताण चालू असताना केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काही काळापुरतं उठवलं. अशा निर्णयाची झळ केळापूरच्या कास्तकाराला भावात बसते. उद्या अशी सवलत यंत्राने सुचवली, तर ती मान्य करणाऱ्याचं नाव संसदेपुढे आलं पाहिजे. आणि ‘यंत्राने सुचवलं’ हे उत्तर संसदेने चालवून घेऊ नये.