लपवलेलं आणि उरलेलं

पायवाटेच्या कडेला आडव्या पडलेल्या ओंडक्याखाली हवाबंद डबा असतो. त्यात छोटी वही, पेन्सिल आणि मूठभर प्लॅस्टिकचे डायनोसॉर. फोनवरचे अक्षांश-रेखांश पाहत आलेली मुलं वहीत नाव लिहितात, एखादा ट्रायसेराटॉप्स उचलतात, बदल्यात तेवढ्याच मोलाची वस्तू ठेवतात आणि डबा होता तिथेच लपवतात. हे जिओकॅशिंग. अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २०००च्या सुरुवातीला काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमधल्या रानात पहिली बादली लपवली.

या खेळाचा आनंद एका खात्रीवर उभा आहे. कुणीतरी हे आपल्यासाठीच ठेवलंय. नाही सापडलं तरी मुलं पुन्हा पुन्हा वाकून बघतात, ती या खात्रीपायीच. श्रद्धाळू माणूसही जगाकडे असाच बघतो. म्हणून असा डबा खऱ्या जीवाश्मांजवळच्या वाटेवर असला, की प्रश्न उभा राहतो : खडकातलं पाऊलसुद्धा कुणी आपल्यासाठीच ठेवलंय का?

मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ हॅडली गावात १८०२ साली प्लिनी मूडी या शेतकऱ्याच्या मुलाला नांगरताना तीन बोटांचे ठसे असलेली फरशी सापडली. पुढे लोक त्या ठशांना नोहाच्या कावळ्याची पावलं म्हणू लागले. जलप्रलयात तारवातून सोडलेला तो कावळा. त्या काळच्या गावाला याहून जवळचा खुलासा कुठून सुचणार? १८३५पासून एडवर्ड हिचकॉक यांनी कनेक्टिकट नदीच्या या खोऱ्यातले ठसे नेटाने गोळा केले. ते धर्मोपदेशक होते आणि अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात भूविज्ञानही शिकवत. ठसे प्रचंड पक्ष्यांचे आहेत, असं त्यांचं मत. धर्मग्रंथ आणि खडक दोन्ही देवाचेच, तेव्हा खडक वाचायला भ्यायचं कशाला, ही त्यांची धारणा होती.

इंग्लंडमध्ये निसर्गअभ्यासक फिलिप गॉस यांनी १८५७मध्ये वेगळाच तोडगा काढला. आदम कुणाच्या पोटी जन्मला नाही, तरी त्याला बेंबी असणारच. तशी पृथ्वीही तयार भूतकाळासह, जीवाश्मांसह घडवली गेली. म्हणजे न घडलेल्या आयुष्यांच्या खुणा देवाने स्वतः खडकात ठेवल्या! गॉस यांचे स्नेही, पाद्री आणि लेखक चार्ल्स किंग्स्ली यांना हे पटेना. देव खडकावर खोटं लिहील, हे त्यांच्या श्रद्धेला सोसलं नाही.

किंग्स्लींचं खरं होतं, आणि ते धर्माच्याच बाजूने खरं होतं. डबा लपवणारा फसवत नाही, कारण खेळाचे नियम दोघांनाही ठाऊक असतात. गॉस यांच्या जगात मात्र शोधणाऱ्याला नियम कुणी सांगितलेलेच नाहीत.

मॅसॅच्युसेट्समध्येच, होल्योकजवळ कनेक्टिकट नदीच्या काठी असेच ठसे उघड्यावर आहेत; ते पक्ष्यांचे नव्हे, डायनोसॉरांचे. जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९७२मध्ये दाखवलं की इथल्या पावलांच्या बऱ्याच रांगा जवळजवळ एकाच दिशेने जातात. हे प्राणी बहुधा कळपाने चालत असावेत. पक्षी डायनोसॉरांपासूनच उत्क्रांत झाले, हा विचार पुढे याच ऑस्ट्रॉम यांनी ठामपणे पुन्हा मांडला. हिचकॉक यांच्या पक्ष्यांना असा उशिराने आधार मिळाला! पण चिखलातून गेलेल्या त्या जनावरांना आपल्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती आपल्या कामाला निघाली होती. आपल्यासाठी न ठेवलेलं असूनही ते पाऊल आपल्याला थांबवतं. हा भाव भक्तीपासून फार लांबचा नाही. उलट त्यात मागणी नसल्याने तो अधिक निर्मळ आहे.

जिओकॅशिंगच्या अर्थकॅश नावाच्या प्रकारात डबाच नसतो. दिलेल्या जागी जायचं, खडक नीट पाहायचा आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरच्या पावलाची लांबी चारने गुणली, की कमरेची उंची ढोबळपणे कळते. तीस सेंटिमीटरचं पाऊल म्हणजे साधारण सव्वा मीटर. हे गणित सातवीतलं पोरही टेप लावून करू शकतं. ‘हे इथे कुणी ठेवलं?’ असं त्याने विचारलंच, तर आईबापांनी गॉस, हिचकॉक आणि किंग्स्ली या तिघांचीही उत्तरं त्याला तिथेच, खडकाशेजारी बसून सांगावीत.