मुका माज

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करू नये याची कुणी यादी केली, तर 'म्हैस पाळू नये' हे कलम मी त्यात माझ्या सहीनिशी घालीन. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून मी नरसीला परत आलो. नरसी म्हणजे संत नामदेवांची नरसी, कयाधूकाठची. माझ्या लहानपणी ती परभणी जिल्ह्यात होती. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि आमच्या गावानं जागचं न हलता जिल्हा बदलला. तर अशा गावी येऊन मी एक वगार विकत घेतली. मागे वळलेली शिंगं, काळाभोर रंग, आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखी माझ्याकडे बघण्याची तऱ्हा.

हिशोब सोपा होता. वगारीची म्हैस होणार, म्हैस दूध देणार, दुधाच्या पैशातून तिला ढेप येणार. तोवर कडबा. "आधी दूध, मग ढेप," असं मी हिला ठणकावून सांगितलं. ही म्हणाली, "म्हशीला सांगितलंत का?"

वर्ष गेलं, दुसरंही गेलं. तिच्या बरोबरीच्या वगारी माजावर आल्या, गाभण राहिल्या, एक तर व्यायलीसुद्धा. आमची मात्र आजन्म ब्रह्मचारिणी. गावात म्हशीच्या खाजगी गोष्टींची चर्चा माणसांच्या खाजगी गोष्टींइतकीच मोकळेपणानं होते. पारावर थोरले चुलतभाऊ म्हणाले, "बाळू, वांझ हाय ती. बाजार दाखव."

'वांझ' हा शब्द आमच्या घरात फार वर्षांनी उच्चारला गेला. त्याबद्दल पुढे सांगतो.

मी पशुवैद्यांना बोलावलं. एक इंजेक्शन टोचलं की काम होतं, असं ऐकून होतो. डॉक्टरांनी वगार तपासली, मग गव्हाण तपासली, मग माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, हिला खायला काय घालता?"

"कडबा. पोटभर."

"नुसता कडबा म्हणजे तुम्हाला रोज नुसती भाकरी. फासळ्या मोजता येतात हिच्या. इंजेक्शन देतो म्हटलं तर देईन, पण रिकाम्या खात्यावर चेक फाडल्यासारखं होईल ते. वगारीचं वय मोजू नका, वजन मोजा. तिचा मेंदू तेच मोजतो."

मेंदू? माज आणि मेंदू यांचा संबंध काय, असं मला वाटलं. उलट माज आला की मेंदू जातो, असाच आमचा बत्तीस वर्षांचा वर्गातला अनुभव. पण मास्तरची जात. कळलं नाही की पुस्तकं उघडायची. उघडली, आणि थक्क झालो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे. तो एक रसायन थेंबाथेंबानं सोडतो. ते पिच्युटरी ग्रंथीला जागं करतं, पिच्युटरी अंडाशयाला नाहीतर वृषणाला, आणि मग पुढची सगळी रामायणं घडतात. शॅली आणि गिमँ या दोन शास्त्रज्ञांनी एकमेकांशी हाडवैर धरून हे रसायन शोधलं. एकानं दीड लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंचे तुकडे जमवले, दुसऱ्यानं मेंढ्यांचे. १९७१ साली त्याची घडण कळली: अवघी दहा दुव्यांची साखळी. १९७७ साली दोघांनाही नोबेल मिळालं, तेही एकत्र! भाऊबंदकीला एवढी गोड फळं आमच्याकडे कधी लागली नाहीत.

पुढे क्नोबिल नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांवर दाखवलं की हे रसायन तासातून एकदा दिलं तर काम चालतं. सतत धार धरली तर पिच्युटरी कान बंद करून घेते आणि सगळंच ठप्प होतं. हे वाचून मला फार वाईट वाटलं. बत्तीस वर्षं मी वर्गात सतत ओरडत होतो. तासातून एकदाच ओरडायला हवं होतं.

पण हायपोथॅलॅमस हा नुसता कारकून. त्याला 'सोड' म्हणून सांगणारा आणखी एक पदार्थ आहे, त्याचं नाव किसपेप्टिन. १९९६ साली त्याचा जीन अमेरिकेतल्या हर्षी गावात सापडला. तिथली 'किसेस' नावाची चॉकलेटं प्रसिद्ध, म्हणून हे नाव. तेव्हा त्याचं खरं काम कुणाला ठाऊक नव्हतं. २००३ साली फ्रान्समध्ये आणि बोस्टनमध्ये कळलं की हा निरोप जिथे पोचत नाही, ती माणसं वयातच येत नाहीत. किस म्हणजे मुका. आणि डॉक्टर म्हणाले होते, म्हशीचा माज बहुधा मुका असतो. ती गाईसारखा गाजावाजा करत नाही, बघणाऱ्यालाच डोळे हवेत. मराठी भाषेनं दोन्ही मुके एकाच शब्दात कसे बसवून ठेवले, देव जाणे.

हे मुकेमहाराज आधी चौकशी करतात. अंगात चरबी किती? ती लेप्टिन नावाचा निरोप धाडते. रात्र किती मोठी? म्हशी दिवस लहान होऊ लागले की जास्त माजावर येतात. सगळं ठीक असेल तर परवानगी, नाहीतर अर्ज नामंजूर. म्हणजे आमची वगार वांझ नव्हती. घरात दाणा नाही हे पाहून तिच्या मेंदूनं शहाणपणानं नकार कळवला होता. मी दुधाची वाट पाहत ढेप अडवून बसलो होतो आणि ती ढेपीची वाट पाहत दूध!

हे ज्ञान मी सुट्टीला आलेल्या नातवापुढे पाजळलं. वय चौदा, आवाज फुटलेला, दार आपटून जाण्याची नवी सवय. त्याच सकाळी ही म्हणाली होती, "माज आलाय मेल्याला." नातवानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आजोबा, मी दार आपटलं त्यात माझी चूक नाहीच. हायपोथॅलॅमसची."

"बरं," मी म्हणालो, "मग उद्याचं श्रीखंडही आपण हायपोथॅलॅमसलाच वाढू."

तो हसला, पण मी अडकलो. आपटलेलं दार रसायनाचं आणि श्रीखंडावरचा हक्क माझा, ही वाटणी काही बरोबर नाही. पण मग सगळंच त्याच्या नावे मांडलं तर मी तरी कोण? बरं, कुणाला दोष द्यायचाच नाही म्हटलं, तर वगारीला उपाशी ठेवणारा मीही सुटतो. माझ्याही मेंदूत कंजूषपणाची एखादी गाठ असेलच की!

पण सुटावंसं वाटेना. त्याचं कारण काकी.

माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. तिला मूल नव्हतं. मघाचा तो शब्द आमच्या घरात तिच्यासाठी होता. बारशाला तिला पुढे येऊ देत नसत. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथे मिळालेली सुकडी पदराला बांधून आणायची आणि आम्हा पोरांना वाटायची. घरात पुरुष आधी जेवत, मग पोरं, मग म्हातारी, आणि उरलं तर काकी. मी तिच्या हातची सुकडी खाल्लेली आहे. उपाशी, कष्टानं पिचलेल्या बाईची पाळी थांबते, कारण तिचा मेंदूही तोच हिशोब करतो, हे मला सत्तरीत एका म्हशीमुळे कळलं. काकीचं कारण हेच होतं की काकांकडे काही दोष होता, ते आता कोण सांगणार? डॉक्टर कुणी बोलावलाच नाही. तपासलं ते फक्त तिचं नशीब. तिच्या ताटात काय आहे, हे त्या घरातल्या पंधरा माणसांपैकी एकानंही वाकून पाहिलं नाही. त्या पंधरांत मीही होतो. लहान होतो, पण भूक कळण्याइतका मोठा होतो.

नामदेवांची ती गोष्ट आमच्या गावात पोरासोरांना पाठ असते. कुत्र्यानं पोळी पळवली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. लहानपणी मला कुत्र्याचं हसू यायचं.

दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीहून सरकीची ढेप आणली. डॉक्टरांनी सांगितलेलं जंताचं औषध आणि खनिज मिश्रणही आणलं. थोरले भाऊ म्हणाले, "बाळू, उगं पैसा घालवायलास." पैसा गेलाच. श्रावण गेला, दसरा गेला, फासळ्या हळूहळू झाकल्या. इंजेक्शन दिलंच नाही.

कार्तिकात एका पहाटे ही गोठ्यातून आली आणि म्हणाली, "डॉक्टरला फोन करा. ती रात्रभर अस्वस्थ आहे. चाऱ्याला तोंड लावत नाही, शेपटी नीट ठेवत नाही."

"ओरडली का?"

"नाही. पण मला कळलं."

पुण्याला फोन केला. नातू उठवल्याबद्दल आधी चिडला, मग म्हणाला, "आजोबा, अभिनंदन कोणाचं करायचं? तुमचं की हायपोथॅलॅमसचं?"

मी फोन हिच्या हातात दिला आणि गोठ्यात गेलो. डॉक्टर यायच्या आत पाण्याची बादली भरून ठेवायची होती.