दोन किटल्या

मुरगूडच्या एका दूध संस्थेनं बायकांचा मेळावा ठेवला. विषय होता, म्हशीची फॅट कशी वाढवावी. नव्या पर्यवेक्षकानं त्यासाठी आठवडाभर खपून स्लाइडी केल्या. खुर्च्यांच्या रांगा, माइक, शाल, नारळ, सगळं जय्यत होतं. वेळ साडेचारची. पाहुणे आले साडेपाचला. सत्कार आटोपेपर्यंत बायका एकेक करून उठू लागल्या, आणि चौथ्या स्लाइडीला हॉल रिकामा.

"ह्यांना शिकायचंच नाही," पोरगं चिडलं.

संस्थेच्या सचिव आक्का वही मिटत म्हणाल्या, "शिकतील की. पर धारंच्या वक्ताला बसून ऱ्हातील व्हय? उद्या माझ्यासंगं चल. तोंड मात्र मिटून ठेव."

दुसऱ्या दिवशी दोघं गोठ्या-गोठ्यांतून फिरले. सर पिराजीराव तलावाकडच्या गल्लीपासून वेदगंगेकाठच्या मळ्यापर्यंत त्यानं एकच तक्रार ऐकली: फॅटचं मशीन खोटं बोलतंय. आमची फॅट आम्हाला ठाऊक हाय, संस्थाच काटा मारती. त्याच्या एकाही स्लाइडीत ह्याचं उत्तर नव्हतं. त्यांचा संशय मशीनवर, आणि हा निघाला होता पेंडीचं प्रमाण सांगायला!

एका गोठ्यात आक्का जास्त रेंगाळल्या. तिथल्या बाईच्या दुधाला बारमाही चांगली फॅट लागायची, पण चारचौघांत ती कधी बोलत नसे. आक्कांनी तिला भाषणाची गळ घातली नाही. "पयल्या धारा एका किटलीत, शेवटच्या दुसरीत. तेवढं घेऊन ये," इतकंच सांगितलं.

पुढची बैठक सकाळचं संकलन उरकल्यावर ठेवली. जाजमावर सगळ्या गोल बसल्या, मधोमध फॅटचं मशीन. आपल्या जिल्ह्यात 'मंजूर, मंजूर'च्या आरोळीत पाच मिनिटांत गुंडाळलेल्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही मांडणीच नवलाची वाटावी.

"एकाच म्हशीचं, एकाच वक्ताचं दूध हाय," आक्का म्हणाल्या. "मशीन लावायच्या आधी आकडा सांगा." बहुतेकींनी दोन्ही किटल्यांना सारखाच आकडा दिला. मशीननं पहिलीला पाचाच्या आत दाखवलं, दुसरीला नवाच्या वर.

"म्हंजे मशीन बिघडलंय!" एक ओरडली.

"मग पुन्यांदा लाव. तूच लाव."

तिनं लावलं. तेच आकडे.

समजावून सांगायला पर्यवेक्षक पुढं सरसावला, तशी आक्कांनी त्याच्या हातात धुवायच्या बाटल्या दिल्या. जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग ती गप्प राहणारी बाई म्हणाली, "रेडकू कवा सोडता तुमी?"

"शेवटाला. आमचं काढून झाल्यावर."

"तितंच जाती की फॅट. मी पान्ह्याला सोडते, तवाच पोटभर पाजते. शेवटच्या धारा किटलीत."

गलका झाला. कुणी घाईत म्हैस पुरती पिळत नव्हती, कुणाच्या घरी शेवटचं दूध पोरांच्या चहाला निघायचं. तरी मशीनवरचा संशय सगळ्यांचा गेला नाही. दर महिन्याला दोघी सभासदांनी समोर उभं राहून मशीन तपासून घ्यायचं ठरलं, आणि आक्कांनी ते ठरावाच्या वहीत लिहून घेतलं.

उठता उठता एकीनं विचारलं, "आमी रेडकू आधीच सोडतोय. तरी फॅट न्हाई. वैरणीचं काय असंल?"

पर्यवेक्षकानं आक्कांकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "आता काढ तुझी स्लाइड."

त्याचा लॅपटॉप घरीच राहिला होता. वाळली वैरण का लागते ते त्यानं जाजमावर बसून, वहीच्या पाठकोऱ्या पानावर आकृती काढून सांगितलं.