दोन ग्रॅम कॉफी

मानवतच्या एका लग्नात शेवटची पंगत उठली आणि मंडपातली अर्धी गर्दी कॉफीच्या यंत्राकडे वळली. मे महिना, रात्रीचे नऊ वाजले तरी पाठीवरून घाम ओघळतोय, आणि माणसं रांग लावून उभी आहेत ती वाफाळत्या कॉफीसाठी! आमच्या परभणीकडं कॉफी ही रोजची वस्तू नव्हे. रोजचा तो चहा. कॉफी लग्नातली, परीक्षेच्या रात्रीची, पडसं झालं की जायफळ घालून घ्यायची. म्हणून तिचा मान मोठा. यंत्रावरचा पोरगा दुधाच्या जगात नळी बुडवत होता, फुस्स करून वाफ सोडत होता, फेस चढला की कागदी कपात ओतून वर चॉकलेटी भुकटी भुरभुरत होता. चार घोटांत कप रिकामा, आणि रिकामा झाला की पायाखाली.

पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्यानं कप हुंगून बाजूला ठेवला. "मामा, ही कॉफी नाहीच. चिकोरी आहे ही." दाणा कोणत्या डोंगरावरचा, किती भाजलेला, यावर तो तासभर बोलू शकतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी कायद्यानंच चालते. चिकोरी म्हणजे एका झाडाची भाजलेली मुळं. त्यात कॅफिन नसतं, त्यामुळं स्वस्त पुडीतली कॉफी झोप उडवण्याच्या बाबतीत बिचारी गरीबच असते. पण मला वेगळंच कुतूहल होतं. मी त्या पोराला विचारलं, कपाला पावडर किती पडते? त्यानं चमच्याचं टोक दाखवलं. आणि साखर? "ती दुधातच टाकलेली असते काका. कपाला दोन चमचे धरा."

म्हणजे हिशेब असा झाला: पावडर दोनेक ग्रॅम, साखर दहा ग्रॅम, शंभर मिलिलिटरच्या आसपास दूध, आणि एक कप. कोणती कॉफी चांगली, कोणती वाईट, हा सगळा वाद या दोन ग्रॅमचा आहे. उरलेला ऐवज, आणि तो पोटात कधी जातो ती वेळ, यांच्याकडं कुणी बघत नाही. मला वाटतं, निदान आमच्या जिल्ह्यापुरता तरी कॉफीचा खरा जमाखर्च तिथंच आहे.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण मराठवाड्यात दुसरीकडून करताच येत नाही. एक कप कॉफीमागं १४० लिटर पाणी लागतं, हा आकडा सगळीकडं फिरत असतो. तो डच अभ्यासकांनी सात ग्रॅम पावडरच्या कपासाठी काढला; आमच्या दोन ग्रॅमच्या कपाला तो तसाच लागू नाही. ऐकणारा दचकतो. पण ते पाणी आहे कुणाचं? कॉफीला लागणाऱ्या पाण्यात मोठा वाटा पावसाचा. आपल्या देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते. कोडगू, चिकमगळूरच्या डोंगरउतारांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत. महाराष्ट्रात कॉफीचे मळे बघायचे तर चिखलदरा गाठावं लागतं. त्या डोंगरांवर पाऊस पडणारच आहे. तिथली खरी तक्रार निराळी आहे: जुनी देशी झाडं जाऊन त्यांच्या जागी झपाट्यानं वाढणारा, ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक उभा राहतो, आणि मग सावली राहते पण रान राहत नाही.

साखरेचं तसं नाही. उसाच्या एक किलो साखरेमागं जगाच्या सरासरीनं सतराशे-अठराशे लिटर पाणी लागतं. दोन चमचे म्हणजे अठरा लिटर धरा. कॉफीच्या आकड्यापुढं हा आकडा किरकोळ दिसतो, आणि तिथंच फसगत होते. कारण आमच्याकडच्या उसाचं हे पाणी बरंचसं जमिनीतून उपसलेलं असतं, नाहीतर जायकवाडीच्या डाव्या कालव्यातून, गोदावरीवरच्या बंधाऱ्यांतून आलेलं असतं. पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड हा आमचा उसाचा पट्टा. त्याच पट्ट्यातल्या गावांत उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागलेली मी पाहिली आहे. कोडगूतला पाऊस परभणीच्या बोअरमध्ये कधी उतरणार नव्हता. पण चमच्यातल्या साखरेचं पाणी याच मातीतून गेलेलं असतं. परका पाऊस आणि घरचं पाणी यांची बेरीज करू नये. भाच्यानं त्या रात्री कॉफी टाकून दिली आणि गुलाबजाम दोनदा घेतले, हे सहज आठवलं म्हणून सांगतो.

साखरेचा शरीराशी संबंध सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅमच्या आत वरची साखर असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. दिवसात असे चार कप झाले की चाळीस. पेढा, जिलेबी वेगळी. दुधाचंही थोडक्यात: कपामागच्या कार्बन उत्सर्जनात मोठा वाटा दुधाचा असतो, हे खरं, पण परदेशातले आकडे कडब्यावर जगणाऱ्या आमच्या म्हशीला जसेच्या तसे लावायला माझं मन घेत नाही.

कॉफी जेवणाच्या किती जवळ घेतो, हा वेळेचा मुद्दा मात्र मला जास्त छळतो. त्यासाठी आधी ज्वारीकडं वळावं लागतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी प्रसारित केली. हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर केलेलं हे काम. साध्या ज्वारीत किलोमागं तीसेक मिलिग्रॅम लोह असतं, हिच्यात ४५ च्या आसपास, जस्तही जास्त. लोह वाढवून तयार केलेली देशातली ही पहिली ज्वारी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही थट्टेनं म्हणतो, पण इथं थट्टा बाजूला ठेवावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. दाण्यात किलोला पंधरा मिलिग्रॅम लोह चढवायला शास्त्रज्ञांची वर्षं जातात. आणि आपण भाकरी खाऊन हात धुतो न धुतो तोच चहा-कॉफीचा कप तोंडाला लावतो.

चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं आतड्यात लोहाला धरून ठेवतात, ते रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत कॉफी घेतली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहा घेतला तर ६४ टक्क्यांनी. जेवण त्यांचं होतं, पिठलं-भाकरी नव्हे. तेव्हा आकडा इथं हुबेहूब बसेल असं नाही. पण दिशा हीच. त्या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीनं काहीच बिघडलं नाही, तर जेवणानंतर तासाभरानं घेतलेल्या कॉफीनं जेवणासोबत घेतल्याइतकाच अडथळा केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. या प्रयोगाकडं बघता नंतरचा तास मी दोन धरतो. लग्नातला कॉफीचा क्रम, म्हणजे आधी पंगत मग यंत्र, हा नेमका उलटा लागलेला आहे.

कपाची गोष्ट आणखी निराळी. राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि टपरीवरचा पातळ प्लास्टिकचा कप जाऊन कागदी कप आला. सगळ्यांना हायसं वाटलं. पण कागदात कॉफी टिकत नाही, कागद भिजतो. म्हणून आतून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपात शंभर मिलिलिटर कढत पाणी पंधरा मिनिटं ठेवलं, तेव्हा त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. त्यांचं शरीरात पुढं नेमकं काय होतं, याचा अभ्यास अजून चालू आहे. मांडवामागं फेकलेल्या कपांचं मात्र काय होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसलं. दुधाच्या वासानं शेळ्या आल्या आणि कप चघळत उभ्या राहिल्या.

काचेच्या ग्लासाला परत जा, असं म्हणणं सोपं आहे. आमच्या स्टेशनाजवळच्या एका हॉटेलवाल्याला मी ते म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "ग्लास धुवायला पाणी तुम्ही आणून देता का, सर?" टँकरच्या दिवसांत त्याचं उत्तर मला खोडता आलं नाही. एका बादलीत दिवसभर बुचकळलेला ग्लास कुणाच्या हातात द्यावा असंही वाटत नाही. तरी घरात, कचेरीत, शाळेत, जिथं तीच वीस माणसं रोज तीनदा पितात, तिथं कागदी कपाची चळत का लागते, याला मात्र कंटाळ्यापलीकडं कारण सापडत नाही.

आणि कॉफी उकळल्या उकळल्या ओठाला लावायची जी आपल्याकडं मर्दुमकी आहे तीही सोडावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीतून सोडवलं. पण ६५ अंशांवरचं कोणतंही पेय अन्ननलिकेला बहुधा घातक, असंही त्याच बैठकीत ठरवलं.

माझी जिंतूरची आत्या रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या घेते. यंदा ती महिनाभर आमच्याकडं आहे. पाण्यासोबत घेतली की मळमळतं म्हणून ती गोळी बिनदिक्कत कॉफीबरोबर गिळायची, तीही जेवण झाल्या झाल्या. सहा महिने गोळ्या खाऊन रक्त का वाढत नाही, याचं तिला नवल वाटे. मी तिला पॉलिफेनॉल समजावत बसलो नाही. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची, आणि कॉफी जेवणानंतर दोन तासांनी, एवढंच सांगितलं. साखरही एक चमचा कमी कर म्हणालो.

"घड्याळ म्हणशील तसं पाळते बाबा," ती म्हणाली, "पण साखरेला हात लावू नको."

दुपारी जेवणं एकला उरकतात. अडीचच्या सुमारास स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज येतो, मग थांबतो, आणि मग हाक येते, "झाले का रे दोन तास?"