नकळत झालेला स्पर्श

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश येथे गणपतीची उपासना भालचंद्र, म्हणजे भाळी चंद्र धारण करणारा, या नावाने होते. गणेशाला हसल्यामुळे शापित झालेल्या चंद्राने येथेच तप करून त्याची कृपा मिळवली, अशी या क्षेत्राची परंपरा आहे. चंद्राचे हसणे जाणूनबुजून होते; परंतु त्या शापामुळे भाद्रपद शुद्ध चतुर्थीला ज्याची नजर सहज वर गेली त्याच्यावरही खोटा आळ येतो, आणि स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ श्रीकृष्णालाही चुकला नाही, असे कथा सांगते. हेतू नसलेल्या क्रियेचे फळ कर्त्याच्या पदरी का पडावे, हा धर्मविचारातील कठीण प्रश्न या कथेच्या पोटात आहे.

लॅपटॉपवर लिहिणाऱ्याचा तळहात कळफलकाखालच्या टचपॅडला, म्हणजे बोट फिरवून कर्सर हलवण्याच्या पट्टीला, नकळत टेकतो आणि पुढची अक्षरे भलत्याच ओळीत उमटतात, तेव्हा हाच प्रश्न लहान रूपात समोर येतो. लिनक्स या संगणकप्रणालीतील लिबइनपुट हा घटक त्यावर उपाय म्हणून एक कळ दाबल्यावर सुमारे 200 आणि सलग कळा दाबल्यावर सुमारे 500 मिलिसेकंद टचपॅडकडे दुर्लक्ष करतो. नुसती कंट्रोल किंवा शिफ्ट दाबली तर मात्र ही बंदी लागू होत नाही, कारण ती धरून क्लिक करणारा बहुधा समजूनच करत असतो. लिहिण्याच्या ओघात टेकलेला हात लेखन थांबल्यावरही, उचलला जाईपर्यंत, वगळलेलाच राहतो. यंत्राला मन दिसत नाही; स्पर्शाची वेळ, दाब आणि आकार या खुणांवरून ते हेतूचे अनुमान करते, आणि दुसऱ्याच्या कृतीचा न्याय करणाऱ्या माणसालाही याहून वेगळे साधन नसते.

बौद्ध विचार चेतनेला, म्हणजे संकल्पाला, कर्म मानतो. त्यानुसार असा स्पर्श कर्मच नव्हे. जैन विचार हिंसेच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, पाहतो. म्हणून जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली जीव मेला तरी त्याला हिंसेचा दोष लागत नाही, आणि बेफिकीर चालणाऱ्याला जीव न मरताही लागतो. दुसरे उत्तर अधिक खोल वाटते, कारण ते जबाबदारी स्पर्शाच्या क्षणावरून त्याआधीच्या काळजीवर नेते. चतुर्थीच्या रात्री वर न पाहण्याचा नेम हीदेखील तशीच आधीची काळजी आहे.

काही खेळांत कळा आणि टचपॅड एकाच वेळी लागतात. तेथे ही बंदी स्वतः उठवावी लागते, आणि मग तळहात सांभाळण्याचे काम पुन्हा खेळणाऱ्याकडेच येते.