मारलेल्या पक्ष्यांचं पुस्तक

आम्ही शिरोळ तालुक्यातले जैन शेतकरी. पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, हे आमच्याकडे पोरांना बोलायच्या आधी कळतं. मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत मुलांना कृष्णाकाठी पक्षी बघायला नेते. पिशवीत सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ असतं. १९४१ साली निघालेलं हे पुस्तक माझ्यासारख्या हौशी माणसासाठीच लिहिलेलं आहे. पण त्यामागचं ज्ञान ज्यांनी जमवलं त्यांच्या हातात बंदूक होती. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या खणांत असे पक्षी आजही आहेत, कापूस भरलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले. अहिंसेचं व्रत मानणाऱ्यानं हे ज्ञान घ्यावं का?

खुद्द सालिम अलींची वाट एका मेलेल्या चिमणीपासून सुरू झाली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. असला पक्षी मुसलमानानं खावा की नाही, अशी शंका आली म्हणून त्यांनी ती मामांना, अमीरुद्दीन तय्यबजींना, दाखवली. मामांनी त्यांना सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. ही गोष्ट सांगताना लोक पिवळ्या डागावर भर देतात. मला ती शंका मोलाची वाटते. धर्मानं आखलेल्या रेषेपाशी एक मुलगा थबकला, म्हणून चौकशी सुरू झाली.

आमच्याकडे हिंसा चार प्रकारची सांगतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. नांगराखाली जीव मरतात ती उद्योगी, गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही. ठरवून जीव घेणं ही संकल्पी, आणि ती गृहस्थालाही वर्ज्य. नमुन्यासाठी पक्षी पाडणं यातलं कोणतं? खूप विचार करूनही मला ते संकल्पीखेरीज कुठे बसवता आलेलं नाही. सालिम अलींनी आत्मचरित्रात अशा शिकारीची गरज मांडली आहे आणि ती खोटी नाही. वटवट्यांच्या काही जाती हातात धरून पिसांची लांबी ताडल्याशिवाय वेगळ्या ओळखता येत नसत. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली बहिरी ससाण्याची अंडी तपासली आणि कवचं पातळ होत गेल्याचं १९६७ साली दाखवून दिलं. दोष डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा निघाला, पुढे त्यांवर बंधनं आली आणि ससाणे सावरले. घरट्यांतून उचललेली अंडी अशी त्याच पक्ष्याच्या कामी आली. तरीही मी मुलांना सांगते, की फळ चांगलं निघालं म्हणून कृत्याचं नाव बदलत नाही.

मग पुस्तक बाजूला का ठेवत नाही? टिटवीमुळे. श्वेतांबरांच्या दशवैकालिक सूत्रात आधी ज्ञान, मग दया असा क्रम लावला आहे. आम्ही दिगंबर, ते सूत्र आम्ही आगम मानत नाही, पण तो क्रम मला आमच्या रानात पटला. टिटवी उघड्या जमिनीवर, ढेकळांत, खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. माणूस जवळ आला की ओरडत अंगावर येते. तिचं ओरडणं अशुभ मानून लोक तिला हुसकतात आणि नांगर पुढे जातो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलानं वडिलांचा ट्रॅक्टर थांबवला आणि अंड्यांभोवती चार काठ्या रोवल्या. तेवढा तुकडा त्यांनी पुढे कितीतरी दिवस नांगरला नाही. त्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळूनच पितात. दया कमी नव्हती, अंडी दिसत नव्हती.

म्हणून मी ते ज्ञान घेते, पण ते कशातून आलं हे झाकून ठेवत नाही. सालिम अलींनीच १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत निरखली. नर अर्धं घरटं विणतो, मादी ते पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी उलगडलं. त्यासाठी लागलं ते तासन्‌तास बघत बसणं. आमच्या मुलांना मी तेवढंच करायला लावते.

आता प्रत्येकाकडे मोबाईल आहे. फोटोसाठी घरट्याच्या फांदीला हात घातला आणि आई उडून गेली, पिल्लं उन्हात राहिली, तर ती कोणती हिंसा, असं एका मुलीनं विचारलं. हेतू तर ओळख पटवण्याचाच होता. वर्गात मतं दोन पडली. एकमत होईपर्यंत घरट्याचा फोटो काढायचा नाही, एवढं ठरलं आहे.